कागदी डोक्याला भोकं

शेजारच्यांच्या दाराला कुलूप होतं, म्हणून त्यांच्याकडे आलेले एक आबा आमच्या देवपूरच्या घराच्या ओट्यावर टेकले. रावेरहून आले होते. तिकडे खोक्यांत केळी भरायचं काम करतात, एवढंच कळलं. नाव मी विचारलंच नाही.

लेकीच्या वाढदिवसाला वाटायला मी जाड कागदाच्या ठोकळ्यासारख्या बाहुल्या करत बसले होते. चौकोनी धड, त्यावर चौकोनी डोकं. धड जमलं, पण डोक्याच्या कडा काही केल्या जुळेनात. डिंक कागदाऐवजी माझ्या बोटांनाच चिकटत होता.

आबांनी न विचारता कागद उचलला. प्रत्येक रेघेवरून अंगठ्याचं नख ओढलं, भराभर घड्या घातल्या आणि डोकं तयार! मी खूश होतेय तोवर त्यांनी लेकीच्या कंपासातलं कर्कटक घेतलं आणि केळीच्या खोक्याला असतात तशी दोन्ही बाजूंना भोकं पाडली.

"अहो आबा, हे काय केलंत?"

"हवा लागाले पाह्यजे ना. नाही त आतलं उबते."

"पण आत काहीच नाहीये!"

ते गोंधळले. भोकाला डोळा लावून त्यांनी खरंच आत पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मंग इतकं जपून बंद कायले करता, ताई?"

तेवढ्यात शेजारी आले आणि आबा उठून गेले.

उरलेली सात डोकी मी एकटीनेच केली. आणि का ते आजही सांगता येत नाही, पण प्रत्येकाला दोन-दोन भोकं पाडली.