सख्खी की चुलत?

माझा व्हिसा नाकारला गेला, त्या दिवशी माझ्या मुलाला कळलं की त्याची मावशी त्याची सख्खी मावशी नाही. चाळिशीला आलेला घोडा! ते पत्र हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"आई, मावशी तुझी सख्खी बहीण नाहीये?"

"कोण म्हणतो असं?" मी फोडणी तशीच टाकून वळले.

"इंग्लंडचं सरकार म्हणतं."

त्याचं म्हणणं असं, की फॉर्मवर आम्ही लिहिलं होतं 'सिस्टर'. पण माझ्या वडिलांचं नाव वेगळं, तिच्या वडिलांचं वेगळं, आईचंही वेगळं. तिच्या तिकडच्या लेकीने निमंत्रणाबरोबर आईच्या जुन्या भारतीय पासपोर्टची झेरॉक्स जोडली होती, त्यावर सगळं दिसत होतं. त्यांना वाटलं आम्ही खोटं बोलतोय. आणि एकदा तिथे विश्वास उडाल्यावर म्हातारी परत येईल का, पैसे कुठले, सगळ्याच शंका.

"वेगळी असणारच की नावं," मी म्हटलं. "ती अण्णांची, मी अप्पांची."

"म्हणजे चुलत ना गं आई!"

"चुलत काय चुलत? अक्का आहे ती माझी."

फोडणी करपली होती. मुलगा माझ्याकडे बघून हसायला लागला, आणि मला इतका संताप आला की त्या दिवशी मी त्याला करपलेलंच सारू वाढलं.

पण त्याचं तरी काय चुकलं? आमच्या घरात 'चुलत' हा शब्दच कुणी वापरायचं नाही. बेंगळूरच्या शिवाजीनगरात आमचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि दुकानाच्या मागेच घर. अण्णा आणि अप्पा, दोघे भाऊ. पिढ्यान् पिढ्या बेंगळुरात काढलेले मराठी शिंपी, घरात मराठी आणि गिऱ्हाइकाशी कन्नड. अण्णा थोरले, म्हणून अक्काही त्यांना अण्णा म्हणायची आणि मीही. अप्पा धाकटे, म्हणून दोघींचे अप्पा. माझ्या आईला दोघी आई म्हणायचो, तिच्या आईला मोठी आई. कोण कुणाच्या पोटचं हे लग्नपत्रिका छापायची वेळ आली की तेवढ्यापुरतं आठवायचं. मग बाहेरचा कुणी अधिकारी येऊन विचारणार, तुम्ही नक्की बहिणी का? हात मेल्या!

राग वेगळा, आणि भीती वेगळी. मला इंग्लंड बघायचं नव्हतं. तो राजवाडा, ते घड्याळ, काही नको. इतकी वर्षं गेलेच नव्हते, कारण अक्काच दर दोन-चार वर्षांनी इकडे यायची. पण अक्का आता विसरायला लागली होती. आधी चष्मा, किल्ल्या. मग शेजारीपाजारी. मग इंग्रजी गेलं, पन्नास वर्षं बोललेलं इंग्रजी, आणि उरली ती आमची शिवाजीनगरच्या घरातली बोली. अर्धी मराठी, पाव कन्नड, आणि बाकी आमच्या मोठ्या आईचं काहीतरी. तिची लेक तिकडेच वाढलेली. तिला तोडकंमोडकं मराठी येतं, पण हे कसं कळणार?

दर रविवारी ती फोन लावायची. "मावशी, आई सकाळपासून म्हणते बागिलु लाव, बागिलु लाव. मी सगळं घर शोधलं."

"अगं, दार! दार लाव म्हणते ती. थंडी येत असेल."

मागून दार बंद झाल्याचा आवाज यायचा आणि अक्का म्हणायची, "हं, सरी." म्हणजे ठीक, झालं. एवढंच. जे. पी. नगरच्या माझ्या बाल्कनीत बसून मी सातासमुद्रापारची दारं लावत होते. आणि दर रविवारी मनात एकच धाकधूक. आज ओळखेल ना? मला बघून 'पुट्टी' म्हणेल ना? जगात मला पुट्टी म्हणणारं तेवढंच एक माणूस उरलं होतं. ती मला विसरायच्या आत मला तिच्यासमोर जाऊन बसायचं होतं. बस. आणि तेवढ्यात हे पत्र.

पुन्हा अर्ज करायचा तर काय लिहायचं, यावरून मायलेकांत जुंपली.

"या वेळी 'कझिन' लिहायचं," मुलगा म्हणाला.

"मी नाही लिहिणार."

"आई, दुधाने तोंड पोळलंय आपलं. आधी नाकारला होता का, असा प्रश्न आहे इथे. त्याला हो म्हणायचं, आणि का नाकारला, काय घोळ झाला, ते सरळ सांगायचं. एक पत्र जोडू. तू सांग, मी टाइप करतो. तुमचं नातं कसं, एकत्र कशा वाढलात, सगळं सांग."

सगळं सांग म्हणाला, म्हणून मी सांगायला बसले.

सांगितलं, की आमच्या दुकानात लग्नाच्या बँडवाल्यांचे कोट शिवले जायचे. लाल साटीनच्या कॉलरी, लाल कफ, वर सोनेरी गोट. उरलेल्या साटीनच्या पट्ट्या अक्का गुपचूप उचलायची, कडा दुमडून हाताने शिवायची, आणि त्या माझ्या रिबिनी. विकतच्या रिबिनी घ्यायची ऐपत नव्हती असं नाही, पण अण्णा म्हणायचे, शिंप्याच्या घरात कापड विकत आणायचं? शोभतं का? म्हणून माझ्या दोन्ही वेण्यांवर बँडवाल्यांचं लाल साटीन. शाळेत पोरी मला 'बँडवाली, बँडवाली' म्हणून चिडवायच्या. मी रडत घरी आले की अक्का म्हणायची, "मग वाजव की त्यांचा बँड!" एकदा मी खरंच वाजवला. एकीला चिमटा काढला, आणि बाईंनी घरी बोलावणं धाडलं, तेव्हा मोठ्या माणसाच्या ऐवजी अक्काच गेली. होती किती मोठी? माझ्याहून सात-आठ वर्षांनी. पदर खोचून बाईंसमोर उभी राहिली म्हणे, आणि म्हणाली, माझ्या बहिणीला आधी कुणी छेडलं ते विचारा.

सांगितलं, की रोज सकाळी मागच्या पायरीवर ती वरच्या पायरीला, मी खालच्या. तिच्या गुडघ्यांमध्ये माझं डोकं. एका हाताने केस, दुसऱ्या हाताने फणी, आणि तोंडाने पाढे. चुकले की वेणीला हिसका. अजून मला तेराचा पाढा म्हणताना टाळू दुखल्यासारखी वाटते. वेणी अशी घट्ट घालायची की डोळे ताणले जायचे. आई म्हणायची, अगं पोरीचं कातडं सोलशील! अक्काचं ठरलेलं उत्तर, "सैल वेणी आणि सैल टाका, दोन्ही टिकत नाहीत."

सांगितलं, की मला गोवर आला तेव्हा मोठ्या आईने तिला दुसऱ्या खोलीत झोपायला सांगितलं होतं, आणि ती आली कडुलिंबाचा पाला घेऊन माझ्याच अंथरुणात. मग व्हायचं तेच झालं. दोघी एकाच खोलीत अंगभर पुरळ घेऊन, खाजवायचं नाही म्हणून एकमेकींचे हात धरून. हात कसले, ती माझे धरायची. मी सोडवून घ्यायची.

आणि सांगितलं, की लग्न होऊन ती इंग्लंडला निघाली त्या सकाळी घरभर माणसं, बाहेर टॅक्सी उभी, आणि अक्का कुठे दिसेना. होती मागच्या पायरीवर. "बस, पुट्टी," म्हणाली. मी कॉलेजात होते तेव्हा, वेण्या कधीच सोडल्या होत्या. तरी बसले. तिने दोन वेण्या घातल्या, लाल पट्ट्या बांधल्या, वर दुमडून फुलं केली. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, अण्णा ओरडत होते, आणि ही आपली गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधते आहे. ते फोटोत आहे. दारात आम्ही दोघी, ती नव्या नवरीच्या साडीत आणि मी शाळकरी पोरीसारख्या रिबिनींत, दोघींचे डोळे सुजलेले. त्या घरातला दोघींचा एवढा एकच फोटो आहे.

बोलून बोलून माझा घसा सुकला. मुलाने डोळे पुसले, हे मी पाहिलं. मग विचारलं, "काय लिहिलंस? वाच."

त्याने वाचलं. त्याचा अर्थ असा, की अर्जदार आणि निमंत्रकाची आई, या दोघी चुलत बहिणी असून एकाच एकत्र कुटुंबात वाढल्या. आमच्याकडे चुलत बहिणीलाही बहीणच म्हणतात. मागच्या अर्जातली चूक त्यामुळे झाली, फसवण्याचा हेतू नव्हता. सोबत फोटो जोडला आहे.

"एवढंच?"

"एवढंच वाचतात ते."

"आणि गोवर?"

"आई, गोवर नको."

मी सही केली. खरं सांगते, 'चुलत' त्या कागदावर इंग्रजीत होतं म्हणून हात चालला. मराठीत असतं तर चालला नसता. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावताना मी मनातल्या मनात अक्काला म्हटलं, रागावू नकोस, नाइलाज होता.

मग बोटांच्या ठशांसाठी व्हिसाच्या केंद्रात गेलो. चकचकीत फरशी, आणि सगळे असे गप्प बसलेले, जसे दवाखान्यात. माझी बोटं काही यंत्राला उमटेनात. जन्मभर सुई धरलेली बोटं, झिजलीत. काउंटरवरची पोरगी गोड होती. "अम्मा, स्वल्प जोरात दाबा," म्हणाली, आणि शेवटी उठून येऊन स्वतःच्या हाताने माझं एकेक बोट दाबलं. मी तिला म्हटलं, बाई गं, एवढ्या जोरात तर माझी अक्का वेणी घालायची. ती हसली, पण तिला काय कळणार?

त्यानंतरचे रविवार कठीण गेले. एकदा अक्का मला आई म्हणाली. एकदा फोनकडे बघेचना. लेक म्हणायची, मावशी, आजचा दिवस वाईट आहे, एवढंच. मी मान डोलवायची आणि फोन ठेवल्यावर बाल्कनीतली झाडं उगीचच दोनदा पाणी घालून बुडवायची. मुलगा रोज पाकीट आलं का बघायचा.

आणि आलं! पासपोर्टात चिकटवलेला तो व्हिसा बघून मुलगा लहानपणीसारखा ओरडला. मी चष्मा लावून दोनदा बघितलं. माझाच फोटो होता, चोरासारखा. "लाव फोन," मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता लाव!"

तिकडे सकाळ होती. अक्का खिडकीशी बसलेली, अंगावर शाल, केस कुणीतरी कापून बारीक केलेले. लेकीने फोन तिच्यासमोर धरला. "आई, बघ कोण आहे!"

अक्काने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पदर सारखा केल्यासारखी शाल सारखी केली आणि म्हणाली, "नमस्कार. बसा ना तुम्ही."

तुम्ही! मला अक्का तुम्ही म्हणाली. मला उशीर झाला होता. त्या एका 'सिस्टर'पायी गेलेले ते सगळे महिने मला त्या क्षणी दिसले आणि मी रडायच्या बेतात आले.

"बेंगळूरच्या का तुम्ही?" तिनेच विचारलं. "तोंडावळा तिकडचा वाटतो."

"हो," मी कसंबसं म्हटलं.

"माझी बहीण असते तिकडे. पुट्टी. धाकटी आहे. यायचंय तिला इकडे, पण हे मेले तिला सोडत नाहीत." मग पुढे वाकून, गुपित सांगावं तसं, "फार चिडकी आहे हो. तिकडे भांडली असेल कुणाशी."

मुलाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला काय झालं कोण जाणे. ज्या प्रश्नाने माझा एवढा जीव जाळला होता, तोच माझ्या तोंडून बाहेर पडला.

"सख्खी की चुलत?"

अक्काच्या भुवया वर गेल्या. तीच अक्का, बाईंसमोर पदर खोचून उभी राहिलेली.

"असं विचारतात का कुणाला? बहीण आहे माझी! मी वाढवलीय तिला."

"हो हो," मी म्हटलं. "चुकलं माझं. तिचा व्हिसा झालाय. येते आहे ती."

"झाला?" तिचा चेहरा उजळला. तसा तो पुन्हा कधी दिसेल असं मला वाटलं नव्हतं. "सरी. मग निरोप द्याल का तिला? म्हणावं, रिबिनी आण. इथे तसल्या मिळत नाहीत. आणि केस विंचरून येऊ नकोस म्हणावं. मी घालते वेणी."

दुसऱ्या दिवशी मी शिवाजीनगरला गेले. आमच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात, मागची पायरी कधीच गेली. पण पुढच्या गल्लीत अस्तराचं कापड विकणारा एक अजून आहे. मी त्याला लाल साटीन काढायला लावलं. हे नको, हे गुलाबी झालं, हे नको, असं करत शेवटी बँडवाल्यांचं लाल सापडलं.

"किती देऊ अम्मा?" त्याने कन्नडात विचारलं. "नातीला फ्रॉक का?"

"नाही, मला रिबिनी करायच्यात. स्वल्पच दे, दोन वेण्यांपुरतं."

तो माझ्या मानेवर रुळणाऱ्या चार पांढऱ्या केसांकडे बघत राहिला.

"बघतोस काय? माझी अक्का वेणी घालणार आहे," मी म्हटलं. "सरळ काप."