कॉल न जाणारा फोन

माझा नवरा मला मारण्याआधी घरातलं वायफाय बंद करायचा. तो इथल्या एका मोठ्या कारखान्यात इलेक्ट्रिकल इंजिनियर होता, आणि तिथला नियम असा की यंत्राला हात लावायचा तर आधी सप्लाय तोडायचा. घरीही साहेब नियम पाळत. आधी राउटरचं बटण, मग खिडक्या, मग पडदे, मग बेडरूमची कडी, आणि मग मी. हे सगळं इतकं सावकाश, की बघणाऱ्याला वाटावं, दुपारच्या झोपेची तयारी चाललीय. रागाच्या भरात हात उठला, असं म्हणणाऱ्या पुरुषांबद्दल मी पुष्कळ ऐकलंय. आमच्याकडे राग नंतर यायचा, आधी कडी लागायची. आज हे लिहितानाही माझ्या मस्तकात तिडीक जाते.

आमचा फ्लॅट अवधपुरीत, दुसऱ्या मजल्यावर. हॉलमध्ये सासूबाई टीव्हीसमोर बसलेल्या असायच्या. त्या मूळच्या नागपूरच्या. सासरे सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले आणि इथेच वारले. बेडरूमची कडी वाजली की सासूबाई टीव्हीचा आवाज वाढवायच्या. भजन असो की बातम्या, साऱ्या बिल्डिंगला ऐकू जात. आतला प्रकार संपला की आवाज खाली यायचा आणि त्या हाक मारायच्या, "चहा ठेवतेस नं, सूनबाई?" आणि मी ठेवायची.

लग्नाआधी मी नोकरी करत होते, आणि ती मला मनापासून आवडायची. मोबाइल कंपन्यांची कंत्राटं घेणारी एक लहानशी फर्म होती. गाडीत चार-पाच फोन आणि लॅपटॉप घेऊन पिपलानीपासून कोलार रोडपर्यंत हिंडायचं, कुठल्या गल्लीत कुठल्या कंपनीचा सिग्नल कसा पोचतो ते मोजायचं. ऊन, धूळ, समोसे, आणि गाडीतल्या पोरांची थट्टामस्करी. लग्नानंतर नवरा चारचौघांत म्हणायचा, "लोकांच्या बायका घर सांभाळतात, आमची टॉवर मोजते." सगळे हसायचे. मीही हसायची, आणि एक दिवस नोकरी सोडायचं पत्र त्यानेच लिहून माझ्यापुढे ठेवलं.

त्यानंतरच्या दसऱ्याला फर्ममधल्या एका जुन्या सहकाऱ्याचा मेसेज आला. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. त्याने तो ओळखीतल्या झाडून सगळ्यांना पाठवला असणार. नवऱ्याने माझा फोन भिंतीवर आपटला, उचलून पुन्हा आपटला. मग माझे केस धरले आणि त्याच भिंतीवर माझं डोकं. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. शेजारीण विचारायला आली तेव्हा सासूबाईंनी सांगितलं की स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार लागलं.

मग दिवाळीचा पाडवा आला. पाडव्याला नवऱ्याला ओवाळायचं आणि त्याने तबकात ओवाळणी घालायची, ही आपली पद्धत. मी ओवाळलं, आणि त्याने तबकात नवाकोरा फोन ठेवला. अमेरिकेतल्या दिराने पाठवलेला. फराळाला आलेल्या बायका म्हणाल्या, नशीब काढलंस हो! सिम त्याने आधीच घातलं होतं. मी हौसेने आईला फोन लावला, तर लागेना. "अमेरिकेचा मॉडेल आहे ना, थोडा टाइम लगेगा," तो सगळ्यांसमोर म्हणाला. रात्री पाहुणे गेल्यावर मात्र खरं बोलला. "भावाला खास सांगून मागवलाय. यातून कॉल जाणार नाही. काय बोलायचं ते वायफायवर, माझ्यासमोर."

मेख काय आहे ते मला तिथल्या तिथे कळलं. आमची सगळ्यांची सिमं एकाच कंपनीची, आणि त्या कंपनीकडे जुनं टूजी नावालाही नाही. तिथे साधं बोलणंसुद्धा फोरजीवरूनच जातं, आणि त्यासाठी कंपनीने ते मॉडेल मान्य केलेलं असावं लागतं. परदेशातल्या कंपन्यांच्या लहरींसाठी बनलेल्या या फोनचं इथल्या कंपनीशी सूत जुळणं शक्य नव्हतं. सिम आत असून कॉल नाही, बाहेर पडलं की इंटरनेटही नाही. उरलं घरचं वायफाय, आणि त्याचं बटण याच्या बोटाखाली. माझी चॅट तर त्याच्या लॅपटॉपवर सताड उघडी असायची. माझी आई इंदूरला, निवृत्त शिक्षिका. तिच्याशी रविवारी व्हिडिओ कॉल, हा शेजारी बसलेला. "आई, गुडघा काय म्हणतोय?" इतकं गोड बोलायचा की आई दर वेळी फोन ठेवताना म्हणायची, सांभाळून घे गं, असा जावई मिळत नाही. मला फोन फेकून द्यावासा वाटायचा.

पण त्या फोनच्या स्क्रीनवर वरच्या कोपऱ्यात एक ओळ दिसायची. 'इमर्जन्सी कॉल्स ओन्ली.' नवऱ्याच्या लेखी त्याचा अर्थ, फोन मेलाय. मला माहीत होतं की मेलेला नाही. स्वतःच्या कंपनीशी जमेना म्हणून आतला रेडिओ दुसऱ्याच एका कंपनीच्या टूजी टॉवरला जाऊन चिकटला होता. ती कंपनी परक्या सिमवरून मला आईशी बोलू देणार नव्हती. पण ११२ लावला तर तो कॉल कुठल्याही कंपनीच्या टॉवरवरून जातो, ही आमच्या कामातली अगदी पहिली शिकवण. कारखान्यात सप्लाय तोडल्यावर दुसऱ्या बाजूने करंट येत नाही ना, हे तपासल्याशिवाय तारेला हात लावत नाहीत. हे त्यानेच मला लग्नाच्या नव्या नवलाईत समजावून सांगितलं होतं. माझ्या बाबतीत साहेबांनी तपासलं नाही.

मग मी माझं जुनं काम पुन्हा सुरू केलं. एका हातात केरसुणी, दुसऱ्या हातात फोन. बेडरूममध्ये 'नो सर्व्हिस'. हॉलमध्ये ती ओळ यायची आणि जायची. स्वयंपाकघराला लागून धुण्याची बाल्कनी होती, तिथे मात्र ती हलायची नाही, कारण समोरच्याच एका गच्चीवर टॉवर होता. म्हणजे मार खायचा बेडरूममध्ये आणि सुटका बाल्कनीत. मधे कडी, पॅसेज, आणि सासूबाई. त्या दिवसापासून मी खिसा नसलेला कुर्ता घातला नाही.

लोक विचारतात, मग त्याच दिवशी का नाही लावलास फोन? विचारायला लोकांचं काय जातं! अंगावर वळ नसताना पोलीस आले असते, घर का मामला है, मिलजुल के रहिए, असं म्हणून चहा पिऊन गेले असते. आणि तासाभरात तो फोनही माझ्या हातून गेला असता. ही वाट एकदाच वापरता येणार होती. आणि ती खरंच चालते का, हे आधी करून बघायची सोय नव्हती. म्हणून मी दात-ओठ खात थांबले. जीव जायच्या आत बाल्कनी गाठायची, एवढं ठरवलं होतं.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी जेवणं चालू असताना दिराचा व्हिडिओ कॉल आला. "वहिनी, फोन कसा चाललाय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "झकास! कॉल जात नाही, एवढं सोडलं तर." दीर खो खो हसला, नवराही हसला. कॉल संपला. त्याने हात धुतले, नॅपकिनला बोटन्‌बोट पुसलं आणि राउटर बंद केला. मला बखोटीला धरून बेडरूममध्ये नेलं. खिडक्या. पडदे. कडी. बाहेर टीव्ही गर्जायला लागला.

"भावासमोर माझी इज्जत काढतेस?" पहिला ठोसा कानावर बसला आणि त्या कानातलं सगळं बंद झालं. मी खाली पडले. त्याने पोटात लाथ घातली, मग उजव्या मनगटावर टाच ठेवून सगळा भार दिला. हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या चांगल्या कानाने ऐकला. त्यानेही ऐकला. क्षणभर थांबला, वाटलं आता सोडेल. पण तो माझ्या छातीवर गुडघा देऊन बसला आणि दोन्ही हातांनी गळा धरला. गळ्याला त्याने आजवर कधी हात लावला नव्हता. त्याचा चेहरा अगदी शांत होता, कपाळावर आठीसुद्धा नव्हती, आणि मला समजलं की आज हा मला मारून टाकणार.

डावा हात मोकळा होता. पलंगाखाली इस्त्री असायची, कारण साहेबांचा शर्ट रोज कडक लागे. हाताला दांडी लागली आणि मी ती त्याच्या डोक्यात घातली. पकड सुटली. पुन्हा घातली. भुवईच्या वर कातडं फाटलं आणि रक्ताची धार त्याच्या नाकावरून माझ्या तोंडावर आली. खरं सांगते, बरं वाटलं. इतकं बरं मला त्या घरात कधीच वाटलं नव्हतं. तिसऱ्यांदाही घातली असती, पण तो बाजूला कलंडला आणि मला कडी दिसली.

डाव्या हाताने कडी काढली, भिंती धरत पॅसेज ओलांडला. सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी मला अडवलं नाही, हातही दिला नाही. दाराला बाल्कनीच्या बाजूनेही कडी होती. ती लावली, दाराला पाठ टेकली आणि फोन काढला. ओळ जागेवर होती. एक, एक, दोन. मग काहीच नाही. माझा ऐकू येणारा कानही गेला की काय, असं वाटलं. आणि रिंग वाजली.

"बताइए, क्या इमर्जेंसी है?" एक बाई बोलत होती. त्या बाईचे मी पाय धरले असते. "मेरा पति मुझे मार डालेगा। हाथ तोड़ दिया है, गला दबाया है।" पत्ता सांगितला, मजला सांगितला, पुन्हा सांगितला.

दारावर लाथा बसत होत्या. मग त्याला माझं बोलणं ऐकू आलं आणि तो हसायला लागला. "आई, ये गं! बघ, तुझी सून बंद फोनवर बोलतेय. नाटक बघ हिचं!" मग दाराला तोंड लावून म्हणाला, "सांग, अजून सांग. पंतप्रधानांना पण लाव. उन्हात किती वेळ उभी राहतेस ते बघतो मी." नंतर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. दाराच्या फटीतून दिसलं, सासूबाईंनी त्याच्या जखमेत हळद भरली, आणि त्याने चहा मागितला. या खेपेला तो सासूबाईंनीच ठेवला.

पोलिसांची गाडी आली तेव्हा तो डोक्याला टॉवेल बांधून चहा पीत होता. दोघं होते, एक हवालदार आणि एक बाई कॉन्स्टेबल. "गलत पते पर आए हैं आप," तो नेहमीच्या गोड आवाजात म्हणाला. मी बाल्कनीतून दार बडवलं, ओरडले, घशातून नुसती घरघर निघाली. बाई सरळ स्वयंपाकघरात आली. मी कडी काढली.

"फोन आपने किया था?" तिने मला विचारलं.

"किस फोन से?" नवराच मधे बोलला. माझ्या हातातून फोन ओढून घेतला, स्वतःचा नंबर लावला आणि तिच्यासमोर धरला. "देखिए मॅडम। इससे कॉल जाता ही नहीं। मैं इंजीनियर हूँ। मैंने खुद अमेरिका से ऐसा मॉडल मँगवाया है कि यहाँ कॉल जाए ही नहीं।" त्याच्या आवाजात काय तो रुबाब! कारखान्यात एखादं अवघड यंत्र चालू करून दाखवतानाही तो असाच बोलत असणार.

बाईने माझं सुजलेलं मनगट पाहिलं, गळ्यावर उमटलेली बोटं पाहिली. मग त्याच्याकडे वळली. "क्यों मँगवाया?"

तो फोन पुढे करून समजावून सांगायला लागला. "अरे बाप्पा, तू गप बस नं," सासूबाई दारातून म्हणाल्या. त्या सबंध संसारात त्यांनी त्याला गप बसायला सांगितल्याचं मी तेवढंच ऐकलं. हवालदाराने त्याला शर्ट घालायला सांगितलं.

सरकारी दवाखान्यात माझ्या हाताला प्लास्टर घातलं, त्याला शेजारच्या खोलीत टाके घातले. कॉन्स्टेबल बाईने आपला फोन पुढे केला. किसी को बताना है? आईचा नंबर मला पाठ होता. मी सगळं सांगितलं. पाडव्यापासूनचं, त्याच्याही आधीचं, आणि शेजारी कोणी बसलेलं नव्हतं. आई म्हणजे उभा जन्म वर्गात मुलांची भांडणं सोडवलेली बाई, जन्मात कुणाला चापट मारली नाही.

"हात फार दुखतोय?" तिने शेवटी विचारलं.

"प्लास्टर घातलंय."

"आणि त्याचं डोकं?"

"टाके पडलेत."

"किती?"

"तीन."

आई म्हणाली, "कमी पडले."