शंभर टक्के हजेरी

सुरतेच्या नवागामात सकाळी साडेसहाला रातपाळीचे कारीगर खात्यांतून, म्हणजे लूमच्या कारखान्यांतून, घरी परतत, आणि त्याच वेळी सुभद्राबाई उलट्या दिशेने गल्ल्यांत शिरायची. दारं अर्धवट उघडी असायची. ती कडी वाजवत नसे, उंबऱ्यापाशी उभी राहून नावाने हाक मारायची. कुणाच्या घरी बाप नुकताच येऊन झोपलाय आणि हाक हळू मारायची, कुणाच्या घरी आई आधीच कामाला गेलीय आणि पोरीला वेणी घालून द्यायची, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. अक्षर मात्र एकही येत नव्हतं. सातला ती मराठी शाळेच्या फाटकाशी पोचायची तेव्हा तिच्यामागे साठ-सत्तर पोरांची रांग असायची. त्यातली निम्मी जांभया देत असायची.

ती शिरपूरकडची. एकोणिसाव्या वर्षी नवऱ्याबरोबर, भटूबरोबर, सुरतेला आली. भटूने सव्वीस वर्षं लूम चालवले, त्यात त्याचे कान गेले. एकुलता एक कुंदन लहानपणी शाळेच्या वाटेवरून पळून जायचा, म्हणून ती त्याला हाताला धरून नेऊ लागली आणि घंटा होईपर्यंत फाटकाशीच बसू लागली. मग शेजारणींनी आपापली पोरं तिच्या स्वाधीन केली. कुंदन बारावी झाला, भेस्तानला एका गोदामात लागला, लग्न करून तिकडेच राहिला. सुभद्राबाईचं नेणं-आणणं काही थांबलं नाही. आठ वर्षांपूर्वी मुख्याध्यापक भामरे सरांनी तिला मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. पाणी भरायचं, पटांगण झाडायचं, आणि मुख्य म्हणजे पोरं आणायची.

भामरे सर वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगायला हवं. दरवर्षी पट घसरत होता. आईबाप गुजराती नाहीतर इंग्रजी शाळा शोधत होते. मराठीचे वर्ग बाजूच्या शाळेत मिसळून टाकायचे अशी बोलणी वरती दोनदा होऊन गेली होती. सर स्वतःच्या स्कूटरवरून पालकांच्या घरी जात, चहा नाकारत आणि हात जोडत. यंदा त्यांनी मनावर घेतलं होतं. दिवाळी ते होळी एकही मूल शाळा सोडणार नाही, आणि झोनमधलं हजेरीचं शील्ड आपल्याच शाळेत येईल.

उत्तरायण झालं, तारांवर संक्रांतीचे फाटके पतंग लटकत राहिले, आणि सातवीतली मयुरी शाळेत यायची थांबली.

मयुरीला हाक मारावी लागत नसे. ती स्वतःच दप्तर घेऊन ओट्यावर बसलेली असायची आणि चालता चालता सुभद्राबाईला दुकानांच्या पाट्या वाचून दाखवायची. गुजराती, हिंदी, मराठी, सगळ्या. पहिल्या दिवशी ओटा रिकामा दिसला तेव्हा सुभद्राबाईला वाटलं ताप असेल. चौथ्या दिवशी ती आत गेली.

मयुरीचा बाप भगवान जमिनीवर उताणा पडला होता. हिंगोलीकडून आलेला हा माणूस बांधकामावर जायचा. परांचीवरून घसरून त्याची कंबर गेली होती. आई, मंदा, स्टोव्हपाशी बसून होती.

"पोरगी कुठंय?"

"काम शिकायलीय," मंदा म्हणाली. "पर्वत पाटियाच्या बाजूला. साड्यावर खडे चिकटवायचं. मी बी तिथंच जाते. यांचं कंबरडं नीट होईस्तोवर, मावशी. मग धाडते की."

"सातवीत आहे ती. परीक्षा आलीय."

"मला कळत न्हाई का?" मंदाने मान वळवली. तिने स्टोव्हला पंप मारला.

सुभद्राबाई शाळेत आली आणि थेट सरांच्या खोलीत गेली. खरं म्हणजे सरांनी त्या दिवशी नाव काढायचीच भाषा केली होती. चार-पाच आठवडे गेले की पोर गळाली असं कळवावं लागेल, आणि शील्डही गेलंच, असं ते हताशपणे म्हणाले. हात जोडले ते सुभद्राबाईने.

"सर, नाव काढू नका. एकदा नाव गेलं की ती परत येत नाही. मी पाहिलंय. बाप उभा राहिला की मी तिला उचलून आणते."

सरांनी बराच वेळ टेबलावरची पेन्सिल फिरवली. मग सातवीच्या वर्षाबेनना बोलावून म्हणाले, "तिची हजेरी चालू ठेवा, गेले चार दिवसही भरून टाका. एप्रिलच्या परीक्षेला बसवू." वर्षाबेन रोज सकाळी मोबाईलवर हजेरी भरत. त्यांनी एकदा सरांकडे पाहिलं, एकदा सुभद्राबाईकडे, आणि मान हलवली. सुभद्राबाई बाहेर आली ती हलकी होऊन. पोरीचं नाव वाचलं होतं.

होळीनंतरच्या शनिवारी शाळेचा वार्षिक समारंभ झाला. पटांगणात मांडव घातला होता. दिवसपाळी बुडवून बाप आले होते, बायका ठेवणीतल्या साड्या नेसून बसल्या होत्या. गल्लीतल्या शोभाबाईने दोनशे माणसांसाठी बटाट्याची भाजी केली होती. मुलींचा खो-खोचा संघ झोनमध्ये दुसरा आला होता, एका पोराला शिष्यवृत्ती मिळाली होती, आणि हजेरीचं शील्ड टेबलावर मधोमध ठेवलं होतं. बाहेरून आलेल्या साहेबांनी मराठी शाळेचं कौतुक गुजरातीत केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सुभद्राबाईनेही वाजवल्या.

मग शंभर टक्के हजेरीवाल्यांची नावं पुकारली गेली. वीस नावं होती. अकरावं नाव मयुरीचं. क्षणभर कुणीच उठलं नाही. वर्षाबेननी पहिल्या रांगेतल्या एका मुलीला खुणावलं, तिने वर जाऊन प्रमाणपत्र घेतलं, साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सातवीच्या रांगेत दोन-तीन पोरं फिसकन हसली. सुभद्राबाईच्या टाळ्या थांबल्या. पण तिला विचार करायला वेळ मिळाला नाही, कारण वीस नावं संपताच तिचंच नाव पुकारलं गेलं. भामरे सरांनी माइकवर सांगितलं, "या शील्डचा खरा मान यांचा." तिला साडी दिली, श्रीफळ दिलं, फोटो काढला. फोटोत ती हसली.

प्रमाणपत्र संध्याकाळी तिनेच मयुरीला नेऊन दिलं. मयुरी कामावरून नुकतीच आली होती, केसांत चमकी अडकली होती. तिने ते उजेडात धरलं आणि नेहमीसारखं मोठ्याने वाचलं, "या शैक्षणिक वर्षात एकही दिवस गैरहजर न राहिल्याबद्दल." वाचून ती हसायला लागली. सुभद्राबाईलाही हसू आलं. मंदा हसली नाही. तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो कागद भिंतीवर खिळ्याला लावला. त्या घरात भिंतीवर लावायसारखं दुसरं काही नव्हतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी साडेनऊला, मयुरीचा डावा हात खडे चिकटवायच्या गरम प्रेसखाली सापडला.

त्या दिवशी प्रेसवरची बाई आली नव्हती, म्हणून मयुरीला तिथे बसवलं होतं. मंदा चार हातांवर कापड ओढत होती. ओरडणं ऐकून ती धावली, पण झाकण वर करायचं बटण तिला ठाऊक नव्हतं. सरकारी दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली. उरलेली एकमेकांना चिकटली.

दवाखान्याने पोलिसांना कळवलं, जमादार खात्यावर गेला. खातं चालवणारा छगनभाई शांत माणूस होता. तो म्हणाला, ही पोर इथे कामाला नव्हतीच, निशाळेत, म्हणजे शाळेत जाते, रोज जाते, घरी इस्त्रीवर भाजली असेल. पुरावा पाहिजे तर तिच्या घरी जा, भिंतीवर लावलाय. मंदाला सोडायला एकदा तो त्यांच्या घरी आला होता, तेव्हा त्याने त्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला होता. जमादाराने शाळेकडे त्या मंगळवारची हजेरी मागितली. मोबाईलवर सकाळी साडेसातला मयुरी हजर होती.

भामरे सरांनी सुभद्राबाईला खोलीत बोलावून दार लोटून घेतलं. दोन दिवसांत त्यांचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता.

"बाई, मला लिहून द्यावं लागतंय की ती हजर होती. नाही म्हटलं तर त्या एका दिवसावर थांबणार नाही. तीन महिने उकरतील. शील्ड परत जाईल ते जाऊ द्या, शाळाच बंद करतील. निमित्तच हवंय त्यांना. एकशे अठरा पोरं आहेत. कुठे जातील?"

"आणि मयुरी?"

"तिची बोटं काही माझ्या पत्राने परत येणार नाहीत."

ते खरं होतं. सुभद्राबाईने दार उघडलं. ती घरी आली. भटूने तिच्याकडे पाहून अहिराणीत विचारलं.

"तोंड काब्र उतरेल शे?"

तिने सांगितलं. त्याला ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. तो कानामागे हात धरून पुढे वाकला. मग मात्र ती ओरडूनच बोलली, सगळं. नाव कुणी ठेवायला लावलं, हजेरी कशी भरली, मांडवात कोण उठून गेलं, सर काय लिहून देणार आहेत. बोलून झालं तेव्हा समोरच्या दारात तीन बायका उभ्या होत्या आणि नळावरचा भांड्यांचा आवाज थांबला होता.

भटूने कानामागचा हात खाली घेतला. मग म्हणाला, "तसं शे तं सांगी दे."

दुसऱ्या दिवशी ती चौकीवर गेली. जमादाराने तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं. "बोलो, माँजी."

तिने मोडक्या हिंदीत सांगितलं की पोर उत्तरायणापासून शाळेत नव्हती, आपण रोज तिच्या ओट्यावरून जातो.

"मग हजेरी कशी?"

"मीच सांगितलं, नाव काढू नका म्हणून."

जमादाराने लिहायचं थांबवलं. "म्हणजे खोटं तुम्हीच करायला लावलं." तो रागावून बोलला नव्हता. त्याने फायलीतून दोन कागद काढले. एक भामरे सरांचं सही-शिक्क्याचं पत्र होतं. दुसऱ्यावर भगवानचा अंगठा आणि मंदाची वाकडीतिकडी सही होती. त्यात काय आहे ते त्याने वाचून दाखवलं. मुलगी घरी इस्त्री करताना भाजली, आमची कुणाबद्दल तक्रार नाही. तारीख आदल्या दिवसाची होती. "आईबापच असं म्हणतात, माँजी. तुमचं मी कुठे लावू?"

ती तशीच मंदाकडे गेली. मयुरी आत झोपली होती, बांधलेला हात उशीवर ठेवलेला होता. भिंतीवरचा खिळा रिकामा होता.

"सही का केलीस मंदा?"

"न्हाई तर काय करू?" मंदा दाराबाहेर येऊन हळू आवाजात बोलली. "छगनभाई दवाखान्याचं बघतो म्हणलाय. मला कामावर ठेवतो म्हणलाय. चौकीतल्यानं सांगितलं, शाळेत हजर है म्हणल्यावर केस उभीच राहत न्हाई. हजर हजर म्हणून कुणी लावलं व्हतं, मावशी? नाव काढलं असतं तर माझ्या पोरीच्या बाजूनं एक कागद तरी राहिला असता."

"तिच्या भल्यासाठीच..."

"माहितीय. त्याच्यासाठीच तर तुमास्नी शिव्या देता येईनात." मंदाने डोळे पुसले नाहीत. "आता येत जाऊ नका इकडं."

ओरडून सांगितलेली गोष्ट गल्लीत राहिली नाही, पण जिथे जायला हवी होती तिथेही गेली नाही. लोक आठवडाभर बोलले, मग लग्नसराई सुरू झाली. शाळा टिकली. मयुरी परीक्षेला बसली नाही, तरी निकालात वर चढली. वर्षाबेननी सुट्टी लागायच्या दिवशी सुभद्राबाईला कोपऱ्यात गाठलं आणि म्हणाल्या, "मला झोप लागत नाही हो." सुभद्राबाई म्हणाली, "मलाही नाही." मग दोघींनी मिळून वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या.

जूनमध्ये भामरे सरांनी तिला सांगितलं की यंदा मदतनीस म्हणून पूजा नावाची मुलगी घेतलीय, तिला मोबाईल चालवता येतो, फोटो काढून वरती पाठवावे लागतात. "तुमचंही वय झालं आता," ते म्हणाले. ते तिच्या डोळ्यांत पाहत नव्हते. चौकीवर गेल्याचा विषय त्यांनी काढला नाही, तिनेही काढला नाही. साडेसहाच्या आधी जाग यायची सवय मात्र तिला मोडता आली नाही. ती उठून दारात बसू लागली. पूजा मोटारसायकलवाल्या भावाबरोबर येऊन नाक्यावरून शिट्टी वाजवायची, जी पोरं यायची ती यायची.

श्रावणातल्या एका सकाळी दूध आणायला निघालेली सुभद्राबाई नाक्यावर थबकली. मयुरी डबा घेऊन उभी होती. डावा हात ओढणीत गुंडाळला होता. आता ती छगनभाईकडेच साड्या खोक्यात भरायचं काम करत होती. त्या कामाला एक हात पुरतो, असं तिने स्वतःच सांगितलं.

"दुखतो का गं?"

"पाऊस असला की." मयुरी रस्त्याकडे पाहत होती. मग तिने विचारलं, "मावशी, तुम्ही आता कुणाला उठवत न्हाई का?"

"नाही."

"का?"

सुभद्राबाईने तिच्या हातावरची सुटलेली ओढणी नीट खोवली. तेवढ्यात बायकांनी भरलेली रिक्षा आली. मयुरीने डबा दातांत धरला, उजव्या हाताने दांडा पकडला आणि कडेला, अर्ध्या जागेवर, चढून बसली. रिक्षा पर्वत पाटियाकडे वळून दिसेनाशी झाली. सुभद्राबाई तिथे उभीच राहिली, मग दुधाची पिशवी घेऊन घरी आली आणि भटूसाठी चहा ठेवला.