गच्चीवरचं हिरवं पाणी

इकडे दक्षिणेत, अंबत्तूरला आमच्या ऑफिसच्या खिडकीतून शेजारच्या प्रयोगशाळेची गच्ची दिसते. तिथे काचेच्या उभ्या नळ्यांत औषधांसाठी सूक्ष्म शेवाळ वाढवतात. डोक्याला ओला टॉवेल गुंडाळलेली एक बाई रोज प्रत्येक नळीमागे तळहात धरून बघते. हात दिसेनासा झाला, की शेवाळ भरपूर दाट झालं. मग आतपर्यंत ऊन पोचत नाही, म्हणून ती अर्धं काढून घेते.

मे महिन्यात एका दुपारी सगळ्या नळ्या पिवळ्या पडल्या. मला खिडकीआड एसीतही ते ऊन सोसत नव्हतं. वाटलं, आटोपलं हिचं.

संध्याकाळी ती खाली चहाच्या टपरीवर दिसली. चहाचा ग्लासही सवयीने उजेडाकडे धरून बघत होती. माझं फोनवरचं मराठी ऐकून हसली. तिची माणसं मूळची तंजावरची, घरी मराठीच बोलणारी. मी विचारलं, "सगळं मेलं ना हो?"

"सगळं कुठं? तळाशी थोडं हिरवं आहे. सगळे सांगतात, थंड खोलीत वाढवा. मला नको ते. ह्या उन्हात जे जगलं, तेच पुन्हा वाढवायचं. गेल्या उन्हाळ्यातही तेच केलं."

"आणि यंदाही मेलंच की!"

"हो," ती ग्लास ठेवत म्हणाली, "पण यंदा उशिरा मेलं."

दुसऱ्या दिवशी मेलेलं काढून तिने उरलेलं हिरवं नव्या पाण्यात सोडलं होतं; नळ्यांत जवळजवळ नितळ पाणी होतं. तिच्या हाताची पाचही बोटं मला खिडकीतून स्पष्ट दिसली. तेव्हापासून मी रोज बघतोय. ऊन तसंच आहे.

आज तिने नळीमागे हात धरला, आणि तो दिसला नाही.