तिसऱ्या खांबामागचा जिताडा

माझी आत्या लॉन्ड्रीत इस्त्री करते. सव्वीस वर्षं एकच हात चालवून तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा जाड झालाय. रविवारी सकाळी ती पुलाखाली गळ टाकायला जाते. तिथे नदी अरुंद होते आणि पाणी असं धावतं की पायातली चप्पल निसटली तर आपल्याला कळेपर्यंत ती समुद्राला लागलेली असते.

पुलाच्या तिसऱ्या खांबामागे जिताडा मासा बसतो. तो धारेशी भांडत नाही. खांबाच्या आडोशाला, संथ पाण्यात, तोंड धारेकडे करून थांबतो आणि आयतं वाहत येईल ते गिळतो. आत्याच्या मते आमच्या घरात असा एकच प्राणी आहे, तो म्हणजे मी. नवखे लोक गळ थेट खांबामागे टाकतात आणि धार तो उडवून नेते. आत्या खांबाच्या दहा-बारा हात वरच्या धारेत टाकते, गळाला बांधलेलं शिसं तळाच्या दगडांवरून टकटक करत खाली येऊ देते आणि दोरीवर बोट ठेवून उभी राहते. त्या वेळी तिच्याशी बोलायची चूक माणूस एकदाच करतो.

गेल्या वर्षी तिला तिथे मोठा लागला. तीन वर्षं ती त्याच्या मागे होती. धारेत लागलेला मासा ओढायचा नसतो. त्याच्याबरोबर काठाने खाली चालत जायचं, आणि तो दमला की खालच्या बाजूच्या माणसाने हातजाळं पाण्यात नुसतं धरून ठेवायचं. तो माणूस म्हणजे माझे बाबा, आत्याचे धाकटे भाऊ. मासा जाळ्यापासून हातभर राहिला आणि बाबांना धीर निघाला नाही. त्यांनी दोरीच मुठीत धरून ओढली. गळाची काठी वाकते, मूठ वाकत नाही. दोरी तुटली.

आणि वर बाबाच म्हणाले, "ताई, तुझी दोरीच कुजकी होती."

तेव्हापासून अकरा महिने आत्या त्यांच्याशी बोलली नाही. ती वरच्या मजल्यावर, आम्ही खाली, मधे फक्त जिना. बाबांनी दोरीचं नवं रीळ आणून दिलं, ते तिने भंगारवाल्याला दिलं. तिला एकच वाक्य हवं होतं: दोरी मी ओढली. बाबा चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढतात. त्यांना स्वतःची चूक सोडून सगळं स्पष्ट दिसतं.

जाळं धरायचं काम माझ्याकडे आलं. बाबा मात्र दर रविवारी पुलावर उभे राहायचे. हवा खायला, म्हणे.

परवा काठी अचानक वाकली. "लागला," आत्या हळूच म्हणाली आणि काठाने चालू लागली. मी पुढे धावलो, पाण्यात उतरलो आणि उत्साहात जाळं घेऊन माशाच्याच मागे लागलो.

"स्थिर धर. झाडू मारतोयस का?"

स्थिर धरायला गेलो आणि शेवाळावरून घसरून पाण्यात बसलो. कुणीतरी माझ्या हातातून जाळं घेतलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेले बाबा.

"याला इथे कुणी बोलावलं?" आत्याने मला विचारलं.

"ताई, जरा डावीकडे आण."

"मला शिकवतोय. विचार त्याला, आयुष्यात किती मासे धरले."

"बाबा, किती..."

"तू गप्प बस," दोघं एकदम म्हणाले.

बाबांनी जाळ्याचा दांडा दोन्ही हातांनी असा आवळला होता की बोटं पांढरी पडली. या वेळी त्यांनी दोरीकडे पाहिलंसुद्धा नाही. मासा आपणहून धारेबरोबर जाळ्यात आला. खांद्यापासून मनगटापर्यंत लांब, चकचकीत. बाबा हसायला लागले. आत्या पाण्यात उतरली आणि तिने जाळ्याची कड धरली.

"आता सांग. त्या दिवशी काय झालं होतं?"

तीन शब्दांचं काम होतं. बाबा माशाकडे बघत म्हणाले, "अगं, मिळाला ना आता. आणि दोरी जुनी होती, हे तर खरंच आहे."

आत्याने पक्कडीने माशाच्या ओठातला गळ काढला, सावकाश, शर्टाची कॉलर सरळ करावी तसा. मग जाळं उलटं केलं. मासा क्षणभर उथळ पाण्यात पडून राहिला, शेपटीने आम्हा तिघांना भिजवलं आणि गेला.

"ताई, वेड लागलंय का तुला?"

"तुझ्या हातचा मासा नको मला."

ती दोरी गुंडाळायला लागली. बाबा रिकामं जाळं धरून तसेच उभे. मग पाण्याकडेच बघत म्हणाले, "मीच ओढली दोरी. दोरी चांगली होती."

"एवढं बोलायला तुला अकरा महिने लागले," आत्या म्हणाली, "आणि माझे दोन जिताडे."

ती काठावरच्या पायऱ्या चढू लागली. आता तोंड उघडलंच होतं, तर तिने चौथीतल्या मोडलेल्या कंपासपेटीपासून फुटलेल्या ट्रान्झिस्टरपर्यंत बाबांचे सगळे गुन्हे एकेक करून बाहेर काढले. बाबा मागून जाळं घेऊन "हो, मीच" म्हणत चढत होते. अर्ध्या पायऱ्या झाल्या असतील.

"ट्रान्झिस्टर मात्र तू पाडलास, ताई," बाबा म्हणाले.

आत्या थांबली आणि मागे वळली.