गावच्या जर्सीतले पाहुणे

आमच्या गावच्या क्रीडा मंडळाच्या अध्यक्षाने आमच्याच गावच्या पोरांना फसवलं. मागच्या चैत्रातल्या जत्रेत, भर गावासमोर. हे मी मुद्दाम सगळ्यात आधी लिहितो आहे, कारण गावात आता ही गोष्ट निराळ्याच तऱ्हेने सांगितली जाते, आणि सांगणारा प्रत्येक जण ‘फसवलं’ हा शब्द गिळून टाकतो.

मी सुपारीचा व्यापारी. श्रीवर्धनपासून म्हसळ्यापर्यंतच्या बागायतदारांना माझा आवाज ओळखीचा आहे. एके काळी मी त्यांच्याच वाड्यांत झाडांवर चढून सुपारी उतरवत होतो, आज तोच माल माझ्या वखारीत येतो. धंदा मला कोणी हाताला धरून शिकवला नाही. भाव करताना माझा आवाज चढतो, माणसं दुखावतात, मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. पण गिऱ्हाइकाला एक माल दाखवून दुसरा मी कधी पोत्यात भरलेला नाही.

आमच्याकडे जत्रेच्या कबड्डीआधी गावचा संघ देवीपुढे उभा करतात. गुरव गाऱ्हाणं घालतो. एकेका खेळाडूचं नाव घेऊन देवीला सांगतो, ही तुझी लेकरं गावासाठी उतरतायत, यांना सांभाळ. मग नारळ फुटतो. ज्याचं नाव गाऱ्हाण्यात घेतलं, तो गावचा खेळाडू. याहून वेगळी निवड आमच्या गावात कधी झालेली नाही.

मागच्या वर्षीही सकाळी तसंच झालं. पोरं अंघोळ करून, कपाळाला गुलाल लावून देवळात उभी होती. सगळी आमच्या खालच्या आळीची. दिवसभर वाड्यांत राबणारी, सुपारीच्या एका पोफळीवरून झोका घेऊन खाली न उतरता दुसऱ्या पोफळीवर जाणारी. गेली काही वर्षं हा संघ पहिल्याच फेरीत हरत होता, हेही खरं. अध्यक्ष शेजारीच हात जोडून उभे होते. गुरवाने नावं घेतली, नारळ फुटला, प्रसाद वाटला.

दुपारी पोरं मैदानावर गेली, तर गावाची निळी जर्सी घालून भलतीच माणसं अंग मोकळं करत होती. उंच, भरलेल्या दंडांची, पायात बूट. आमच्यातल्या कोणालाच ती ओळखीची नव्हती. मला निरोप आला तसा मी वखार उघडी टाकून गेलो.

“नवी मुंबईची पोरं हायत,” अध्यक्ष म्हणाले. “मोठे पाहुणे येतायत शेठ. त्यांच्यासमोर पहिल्या फेरीत मार खाऊन दाखवायचा का?”

“मग सकाळी नारळ कोणाच्या नावाने फोडलात?”

“नारळ ही रीत झाली. सामना म्हणजे सामना.”

“म्हणजे देवीला एक माल दाखवलात आणि तागडीत दुसरा टाकलात.”

“आवाज खाली घ्या.”

“सुपारीच्या बाजारात कोणाला जमलं न्हाय ते, तुम्हाला जमणार?”

आमचा कर्णधार माझ्यामागे उभा होता. डाव्या कोपऱ्यात खेळणारा, बुटका, कमी बोलणारा गडी. “काका, जाऊ दे. घरी जाऊ,” तो म्हणाला. मला अध्यक्षापेक्षा त्याचाच राग आला. ज्याचं गेलंय तोच सोडून द्यायला निघाला, की समोरच्याला फसवायची गरजच उरत नाही.

पूर्वी जत्रेत प्रत्येक आळीचा वेगळा संघ उतरत असे. ती पद्धत आपोआप मागे पडली होती, पण गावकीने बंद केलेली नव्हती. मी तेच धरून बसलो. खालच्या आळीचा संघ म्हणून यांना उतरवा, नाहीतर बंदी घातल्याचा गावकीचा ठराव दाखवा. अध्यक्षांनी पोरांकडे पाहिलं, मग त्या निळ्या जर्सीतल्या माणसांकडे, आणि हसले.

“उतरवा. पहिलाच सामना यांच्याशी लावतो.”

“लावा,” मी लगेच म्हणालो. समोरचा स्वतःच्या फायद्याची म्हणून एखादी अट घालतो, तेव्हा ती चटकन पदरात पाडून घ्यावी.

जर्सी नव्हती. पोरांनी पांढरे बनियन घातले, पाठीवर कोळशाने आकडे काढले. पंचांनी नाक मुरडलं, पण खेळू दिलं.

पूर्वार्ध पाहवत नव्हता. त्यांचा मुख्य चढाईवाला यायचा, बोनस घ्यायचा, जाता जाता कोणाला तरी टिपून जायचा. आमची पोरं चिडून त्याच्या अंगावर धावायची आणि एकाऐवजी दोघं बाद व्हायची. बघता बघता सगळे बाद, अंगावर लोण चढला. मांडवातून कोणीतरी ओरडलं, “झाडावर चढा रे, तिथं कोण पकडणार न्हाय!” पाहुण्यांसकट सगळे हसले.

मध्यंतरात मी पोरांना आईबापांवरून बोललो. कर्णधार तोंडावर पाणी मारत होता. तो म्हणाला, “काका, तुम्ही गप ऱ्हावा. इथं सुपारी इकायची न्हाय.”

मी बाजूला सरलो. मग तो पोरांना म्हणाला, “त्याला बोनस घेऊ दे. मागं धावू नका. तो नाचायला आलाय, नाचू दे. दमला की कोपऱ्यात येईल. एकदा बाहेर बसला की त्याला आत येऊ द्यायचा न्हाय. बाकीच्यांचं एकमेकांशी जमत न्हाय, बघितलं न्हाय का?”

मी बघितलं नव्हतं. मी फक्त गुण बघत होतो. ती सात माणसं सात ठिकाणांहून गोळा केलेली होती. एकाने पाय धरला तर दुसरा मदतीला येत नव्हता, प्रत्येकाला पाहुण्यांसमोर आपलं कसब दाखवायचं होतं.

उत्तरार्धात आमची पोरं मागे असूनही सावकाश खेळू लागली. लोक शिट्ट्या मारत होते, घाई करा म्हणून ओरडत होते. ती ढिम्म. भाव पडलेला असतानाही माल धरून बसायला जी छाती लागते, ती मला त्या कोळशाच्या आकड्यांमागे दिसली. शेवटी त्यांचा चढाईवाला कोपऱ्यात जरा जास्त आत आला आणि कर्णधाराने त्याचा घोटा धरला. पोफळीच्या खोडाला पाय आवळून जन्म काढलेल्या माणसाची ती पकड होती. तो सुटला नाही. त्यानंतर आमच्या पोरांनी समोरच्यांना एकही गुण न देता त्याला बाहेर बसवून ठेवला आणि आत राहिलेल्यांना एकेक करून उचललं. लोण फिटला.

तो परत आत आला आणि त्याने आमचे चौघे टिपले. गुण बरोबरीत होते, शेवटची चढाई त्याची होती आणि आमचे तिघेच उरले होते. या वेळी तो कोपऱ्याकडे फिरकला नाही, तर कोपराच त्याच्याकडे गेला. कर्णधाराने मागून कंबर धरली, बाकीचे दोघे अंगावर पडले, आणि मध्यरेषा त्याच्या बोटांपासून वीतभर लांब राहिली.

पुढच्या फेरीत आम्ही शेजारच्या गावाकडून हरलो. त्याचं मला काही नाही. गावच्या पोरांना गावात जागा आहे, एवढं त्या दिवशी सिद्ध झालं होतं.

म्हणजे मला तसं वाटलं होतं. बक्षीस समारंभात अध्यक्षांनी माईक घेतला आणि सांगितलं, “आपल्या पोरांची तयारी व्हावी म्हणून मी मुद्दाम बाहेरून तगडा संघ आणला होता. माझा हेतू सफल झाला.” टाळ्या पडल्या. गावाबाहेर मीठबंदराच्या नाक्यापर्यंत फलक लागले, त्यावर अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो. पोरांपैकी एकही नाही. आणि आता जत्रा तोंडावर आली आहे, निळ्या जर्सी अजून अध्यक्षांच्याच घरी आहेत, आणि नवी मुंबईच्या माणसांना पुन्हा सांगावा गेल्याचं मला दोन ठिकाणांहून कळलं आहे.

लोक मला म्हणतात, शेठ, झालं गेलं सोडा, पोरं जिंकली ना? पोरं जिंकली म्हणून फसवणूक पुसली जात नाही. ती हरली असती तर आज त्यांच्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नसतं, हे ती पोरं जाणतात. दरवर्षी आपल्याच गावात आपली जागा मारामारी करून मिळवायची, हा कुठला न्याय?

तेव्हा अध्यक्ष, येत्या गावकीच्या बैठकीत फलकावरची गोष्ट सांगू नका. पोरं समोर बसलेली असतील. त्यांच्याकडे बघून सांगा, तुम्ही त्यांना का डावललंत, कोणाला विचारून डावललंत, आणि या वर्षी गावाकडून कोण खेळणार. मी पहिल्या रांगेत बसणार आहे, आणि उत्तर मिळाल्याशिवाय उठणार नाही.