शिक्षा मागणाऱ्याचा रविवार

माणसाला तुरुंगात धाडायचं आणि रविवारी त्यालाच जेवणाचा डबा घेऊन भेटायला जायचं, असा सरकारी वकील अख्ख्या हिंदुस्थानात एकच झाला असेल. आणि माझं नशीब बघा, तोच नेमका माझा घरमालक निघाला. सत्तर-बाहत्तर सालची गोष्ट. मी नुकताच बँकेत चिकटलो होतो आणि कोल्हापुरात खोली शोधत हिंडत होतो. "ख्रिश्चन आहेत, पण देवमाणूस आहेत," असं मला कुणीतरी सांगितलं. त्यातला 'पण' कशासाठी, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसावं. पहिल्या दिवशी ट्रंक घेऊन मी जिना चढतोय, तोच खालच्या न्हाणीघरातून गर्जना आली, "या इसमाला दया दाखवू नका!" माझी ट्रंक निम्म्या जिन्यावरून धडधडत परत खाली गेली. मालकीणबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "घाबरू नका हो. उद्या केस आहे, म्हणून आंघोळ लांबलीय."

कोर्टातलं प्रत्येक भाषण मालक आधी न्हाणीघरात करत. बंब हा आरोपी आणि खुंटीवरचा पंचा हे न्यायाधीश. मुद्दा ठसवायचा असला की तांब्याभर पाणी डोक्यावर ओतायचं. मोठ्या खटल्याच्या दिवशी सगळा हौद रिकामा व्हायचा आणि आम्ही भाडेकरू नळाच्या नावानं बोटं मोडत बसायचो. माझी खोली न्हाणीघराच्या बरोबर वर, त्यामुळे बँकेच्या नियमांपेक्षा मला फौजदारी कायदाच जास्त पाठ झाला. आवाज तर असा, की ते कोर्टात उभे राहिले की बाहेरचा चहावाला किटली खाली ठेवून ऐकत बसायचा.

आणि रविवारी हाच माणूस चर्चमधली उपासना आटोपली की सायकलच्या हँडलला डबा अडकवून जेलकडं निघायचा. "शिक्षा मागणाऱ्यानं शिक्षा बघितली पाहिजे," एवढंच त्यांचं म्हणणं. मालकीणबाई पाट्यावर मसाला वाटता वाटता माझ्याकडं गाऱ्हाणं सांगायच्या, "लोकांचे नवरे केस जिंकले की बायकोला साडी आणतात. आमचे जिंकले की मला मटणाचा रस्सा करायला बसवतात." बाहेरचं जेवण कैद्याला द्यायचं नाही असा जेलचा नियम. मालकांनी जेलरशी इतका वाद घातला, की त्या बिचाऱ्यानं कंटाळून तोड काढली: भेटीच्या खोलीत शिपायासमोर खायचं आणि पहिला घास वकीलसाहेबांनी स्वतः खायचा, म्हणजे विषाची भानगड नको. त्यामुळे झालं असं, की शिक्षा मागणारा आणि शिक्षा भोगणारा दर रविवारी एकाच डब्यात जेवू लागले. कोर्टात वकील मंडळी टिंगल करायची, "साहेब आधी शिक्षा वाढतात, मग रस्सा."

सुटलेले कैदी तर जेलमधून थेट आमच्या ओट्यावर. एकदा एक जण चहा पिता पिता मालकांना म्हणाला, "सायेब, दोन वर्सं म्हंजे जरा ज्यादाच मागिटली की वो." मला वाटलं, आता मालक भडकणार. मालकांनी मात्र डोळे मिटून खरोखरच विचार केला आणि म्हणाले, "खरं आहे. दीड वर्षात भागलं असतं." मग आत वळून ओरडले, "अगं, याला आणखी एक कप टाक!"

मला हे सगळं ढोंग वाटायचं. एकदा मी चिडून विचारलंच, "मालक, एवढी माया आहे तर सोडून का देत नाही?" ते लालबुंद झाले. "सोडून देऊ? मग ज्याचं डोकं फुटलं त्याच्या बायकोला काय सांगू? अहो, बायबलातल्या काइनानं सख्ख्या भावाला मारलं. देवानं त्याला हाकलून लावलं. पण कुणी त्याच्या जिवावर उठू नये म्हणून त्याच्यावर खूणही केलीच की नाही? शिक्षा केली, टाकून नाही दिलं!" म्हणूनच फाशी त्यांनी जन्मात कुणासाठी मागितली नाही.

पण काइनाची गोष्ट सांगणाऱ्याच्या वाट्याला एक काइन यायचाच होता. शिरोळकडच्या दोन भावांचं उसाच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं आणि धाकट्यानं थोरल्याच्या डोक्यात खोरं घातलं. थोरला जागीच गेला. मालकांनी जन्मठेप मागितली आणि ती मिळाली. निकालाआधी कोर्टाच्या व्हरांड्यात त्या दोघांची आई मालकांसमोर उभी राहिली होती. "एक तर गेला सायेब, दुसरा तरी ठेवा मला." मालक हातातल्या कागदात बघत राहिले आणि तसेच आत निघून गेले. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना नजर वर केली नाही.

रविवारी ते डबा घेऊन गेले. धाकट्यानं निरोप पाठवला, "त्येचं तोंड बगायचं न्हाय मला." पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही. असे रविवार वर्षानुवर्षं गेले. मालक गेटाजवळच्या लिंबाखाली तासभर बसायचे आणि डबा दुसऱ्या कुणाला तरी देऊन यायचे. दर रविवारी सकाळी न्हाणीघरातून मात्र एक भाषण ऐकू यायचं, आणि ते अजिबात मोठ्यानं नसायचं. "शिक्षा मी मागितली, ती मागायलाच हवी होती. पण तुझी आई समोर उभी होती आणि मी तिच्याकडं बघितलं नाही. तेवढ्याची मला माफी कर." मग बराच वेळ पाण्याचा आवाजच यायचा नाही. मी वर दाढी करता करता थांबायचो. एवढा बोलका माणूस, पण हे एवढंसं बोलायला त्याला कुणी समोर मिळेना.

आणि मग एका हिवाळ्यात मालकांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि वाचाही गेली. ज्या आवाजानं माझी ट्रंक जिन्यावरून खाली पाडली, तो आवाज देवानं काढून घ्यावा! मला त्या देवाचा फार राग आला. मालकीणबाईंना आला नाही, निदान त्यांनी दाखवला नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी ओट्यावर एक माणूस येऊन उभा राहिला. डोक्याचं मुंडण, खांद्यावर टॉवेल. शिरोळचा धाकटा. आई वारली म्हणून पॅरोलवर सुटला होता आणि तिचं सगळं आटपून परत जेलात निघाला होता. "म्हातारं रविवारी यायचं बंद झालं," तो म्हणाला, "म्हटलं, बगून जावं." मालकांना खुर्चीत बसवलेलं होतं. त्यांनी त्याला ओळखलं. तोंड उघडलं, मान हलवली, घशातून नुसती घरघर निघाली. इतकी वर्षं सराव केलेलं ते भाषण तिथं अडकून पडलं होतं आणि ते काय आहे हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. मला राहवेना. मी पुढं झालो आणि ते जसंच्या तसं बोलून टाकलं.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमी कशापायी बोलताय, पावणं? मला त्येंच्या तोंडनं पायजे हुतं." त्यानं खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. "म्हंजे, ते येत हुते तवा मीच न्हाय म्हनत हुतो की."

मालकीणबाईंनी ताट आणून त्याच्यासमोर ठेवलं. भाकरी आणि रस्सा. तो ताटाला हात लावीना. बाईंना वाटलं, राग आहे. तो म्हणाला, "न्हाय बाई, जेलातला नियम हाय न्हवं? आदी वकीलसायबानं खायाचं." आणि भाकरीचा तुकडा रश्शात बुडवून त्यानं मालकांच्या तोंडात घातला. वाकड्या ओठांतून रस्सा हनुवटीवर ओघळला. त्यानं तो आपल्या टॉवेलनं पुसला. मग खाली बसून जेवला, ताट घासून ठेवलं आणि जेलची वेळ गाठायला एसटी स्टँडकडं निघून गेला.

पुढच्या पावसाळ्यात मालक गेले. मी अजून त्याच खोलीत राहतो. रविवारी सकाळी खाली कुणी आंघोळीला गेलं, की दाढी करता करता माझा हात अजूनही थांबतो. खाली पाणी पडत राहतं, बोलत कुणीच नाही.